गावातच पर्यावरण शिकवणारा गट उभा करायचाय: माणसं कोणती घ्यावीत, शिकवावं काय?

अंजीरबाग | ३ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमचं गाव पुरंदरच्या पूर्व भागातलं, पर्जन्यछायेतलं. पाऊस बेताचा, वरची माती हातभर आणि खाली कातळ. दरवर्षी बोअर आणखी खोल जाते आणि एप्रिल उजाडला की टँकरची चर्चा सुरू होते. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी मिळून एका वर्षापुरता निधी उभा केलाय. तो पाण्याच्या आणि शिवाराच्या शिक्षणावर खर्च करायचा असं ग्रामसभेत ठरलं.

बाहेरून व्याख्याते आणायचे नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत आहे. गावातलेच आठ-दहा जण तयार करायचे आणि त्यांनी पुढे वस्तीवस्तीवर, शाळेत, भजनी मंडळात, बचत गटात बोलायचं. पण हा गट निवडायचा कसा? सगळ्या भावक्यांतून एकेक घ्यावा, की ज्यांना खरोखर आवड आहे तेवढेच घ्यावेत? त्यांना आधी काय शिकवावं? आणि निधी संपल्यावर गट टिकावा म्हणून सुरुवातीलाच काय करून ठेवावं?

आमच्याच तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवायचा, भूमिहीनालाही हक्क द्यायचा, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना हे नियम अजून तोंडपाठ आहेत. पंचविशीतल्या मुलांनी मात्र ते ऐकलेलेच नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

सोनचाफा | ३ मे, रात्री ९:३२

वाचतेय. आमच्या सिन्नरकडेही हाच विषय चाललाय.

रोखठोक | ३ मे, रात्री १०:०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. असल्या प्रशिक्षणांत मी भरपूर बसलोय. तालुक्याच्या सभागृहात फ्लेक्स, पोहे-चहा, हजेरीपत्रकावर सही, दीपप्रज्वलन, दुपारी जेवण, मग गटफोटो. 'जल है तो कल है' सगळ्यांच्या तोंडी, आणि आपल्या विहिरीचं पाणी गेल्या सालापेक्षा किती फूट खाली गेलंय ते एकालाही सांगता येत नाही. खुर्चीवर बसवून शिकवणार असाल तर निधी परत करा. शिवारात उन्हातान्हात शिकवणार असाल तरच पुढे जा.

माणदेशी | ३ मे, रात्री १०:४८

रोखठोक यांच्याशी निम्मा सहमत. शिवारात शिकवलं की काय होतं ते आमच्या भागाने पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या पाणलोट कामांच्या स्पर्धेच्या वेळी बघितलंय. २०१६ ला तीन तालुक्यांपासून सुरू झालेली ती स्पर्धा २०१९ पर्यंत चालली. प्रत्येक गावातून पाच जण निवासी प्रशिक्षणाला जायचे आणि परत येऊन गाव उभं करायचे. २०१८ ला आमच्या माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं.

त्या प्रशिक्षणातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे ए-फ्रेम. दोन सारख्या लांबीचे बांबू, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून सुतळीला बांधलेला दगड. सुतळी आडव्या काठीवरच्या खुणेवर स्थिर झाली की दोन्ही पाय एका पातळीत. मग एक पाय रोवून दुसरा फिरवत डोंगराच्या अंगाने चुन्याच्या खुणा करत जायचं, की समतल रेषा तयार. पाणी अडवणारे चर तिच्यावरच खणायचे. अंगठा उठवणाऱ्या बाईने ती रेषा स्वतः आखली की तिला पाणलोट समजतो. नंतर चर तिरका खणलाय हे तीच इंजिनिअरला दाखवून देते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

आता निम्मा असहमत कशात ते सांगतो. स्पर्धेचे पंचेचाळीस दिवस गाव पेटलेलं असतं. पुढच्या वर्षी चरातला गाळ कोण काढणार, साठलेलं पाणी कुणी किती उपसायचं, हे प्रश्न स्पर्धेनंतर येतात. तिथे कुदळ-फावडं कामाचं नाही. तुमचा गट या दुसऱ्या टप्प्यासाठी तयार करा. श्रमदानाला माणसं जमतात हो, पाणी वाटायच्या बैठकीला जमत नाहीत.

वैनगंगा | ४ मे, सकाळी ७:२०

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातलं उदाहरण देते, कारण गट टिकवायचा कसा याचं उत्तर तिथे आहे असं मला मनापासून वाटतं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बहुतेकांना वनहक्कामुळे माहीत असतं. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालायचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. अभ्यासगटात कुणीही बसू शकतं, बाहेरचा माणूसही. कायदा वाचायचा, जंगलाची माहिती गोळा करायची, मध कसा काढला तर पोळं टिकेल यावर बोलायचं. मात्र अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं आणि पुन्हा बोलायचं.

यातला फायदा बघा. गटाच्या हातात सत्ता नाही, म्हणून त्यात घुसण्यासाठी भांडण नाही. भावकीनिहाय एकेक माणूस घ्यायची गरजच पडत नाही. ज्याला शिकायचंय तो बसेल.

कडधान्य | ४ मे, सकाळी ९:०२

वैनगंगाताई, मेंढ्याबद्दल आदर आहेच. पण ते छोटं, बहुतांशी गोंड कुटुंबांचं गाव. आमच्याकडे तीन पक्ष, दोन पतसंस्था आणि एका विहिरीत सात वाटेकरी. इथे सर्वसहमतीची वाट बघत बसलो तर बोअर हजार फुटांवर जाईल.

आणि सत्ता नसलेल्या गटाचं ऐकतं कोण? हिवरे बाजारचं बघा. पोपटराव पवार १९९० च्या आसपास सरपंच झाले. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे नियम गावाने केले आणि पाळले. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्यावर पिकं ठरतात. मागे पंचायत ठाम उभी होती म्हणून ते शक्य झालं. शिक्षण आणि अधिकार वेगळे काढले की शिक्षण प्रवचन होतं.

वैनगंगा | ४ मे, सकाळी ९:४०

कडधान्य, तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. हिवरे बाजारातही ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि नियम ग्रामसभा करते. आकडे गोळा करणाऱ्यानेच बंदी घालायला सुरुवात केली की लोक आकड्यांवरच शंका घेतात. एवढंच सांगायचं होतं.

कडधान्य | ४ मे, सकाळी ९:५५

हे पटलं. पण मग ग्रामसभेत ताळेबंद वाचायचा विषय दरवर्षी पटलावर येईल असा ठराव आधी करून घ्या. नाहीतर गट आकडे घेऊन बसेल आणि सभा तहकूब होईल.

फळा_खडू | ४ मे, दुपारी २:१५

जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शाळेला विसरू नका! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय प्रत्येक इयत्तेत आहे, बऱ्याच शाळांत हरित सेनाही आहे. पण पाठ्यपुस्तकातली नदी कुठलीतरी असते. मुलांना गावचा ओढा कुठून निघतो विचारलं तर वर्ग शांत होतो.

एक विनंती मात्र आहे. 'मुलं घरी जाऊन आईबापांना शिकवतील' या भरवशावर राहू नका. ज्या मुलीचा बाप बोअर मारतोय तिला आपण घरी जाऊन 'बोअर मारू नका' म्हणायला सांगतो. हा भार त्या लेकरावर टाकू नये. मोठ्यांशी मोठ्यांनीच बोलावं. मुलांना पर्जन्यमापकाची नोंद ठेवू द्या, ते काम मुलं अतिशय नेटाने करतात.

निवृत्त_भूजल | ४ मे, रात्री ८:३०

माझी उभी नोकरी विहिरी मोजण्यात गेली, म्हणून 'आधी काय शिकवावं' या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो.

आधी विहीर मोजायला शिकवा. आमची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून राज्यात आहे. निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजल्या जातात. पण सरकारी निरीक्षण विहीर तुमच्या गावात असेलच असं नाही, आणि असली तरी एका विहिरीवरून शिवार कळत नाही. गावाच्या वरच्या अंगाच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या मिळून दहा-बारा विहिरी निवडा. सकाळी मोटारी सुरू व्हायच्या आत टेप सोडा. कठड्याची उंची वजा करा, जमिनीपासून पाणी किती खाली आहे तेच लिहा. दरवेळी कठड्यावरच्या त्याच रंगवलेल्या खुणेवरून टेप सोडायचा. आत्ता मे चालू आहे. पावसाआधीचं हे मोजमाप चुकवू नका, नाहीतर ऑक्टोबरचा आकडा तोलायला तुमच्याकडे काही नसेल.

दुसरा धडा ताळेबंदाचा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. एवढं एक वाक्य गटाला पक्कं झालं की पुढचं सगळं गुणाकाराने येतं. समजा शिवार १००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर. आकाशातून आले ५०० कोटी लिटर. लोक म्हणतात, एवढं पाणी आहे तर टँकर कशाला? मग सांगायचं की यातलं पुष्कळसं मातीतून आणि पानांतून उडून जातं, काही ओढ्याने वाहून जातं, आणि आपल्या काळ्या कातळात मुरतं ते थोडंच. मुरलेलं साठतं ते कातळाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, तो थर काही अथांग नाही.

आता खर्चाची बाजू. २००० वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला साधारण ४ कोटी लिटर लागतात. पाटाने पाणी दिलेल्या उसाला हेक्टरी अंदाजे २ कोटी लिटर जातात. म्हणजे दोन हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी बरोबरीला येतं. कुणाला नावं न ठेवता हा हिशोब फक्त मांडायचा आणि थांबायचं. गावकरी स्वतः बोलायला लागतात.

सोनचाफा | ४ मे, रात्री ८:५२

काका, हा हिशोब चावडीच्या भिंतीवर रंगवायला हवा. गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेच्या मागे छापला तर उत्तमच, ती सगळे उलटसुलट करून वाचतात!

रोखठोक | ४ मे, रात्री ९:१५

निवृत्त_भूजल काका, शाबास. असं शिकवणारे भेटले असते तर मी पोह्यांबद्दल तक्रार केली नसती.

माणदेशी | ४ मे, रात्री ९:२०

अवांतर: अंजीरबाग, पुरंदरच्या अंजिराचा बहार यंदा कसा होता? आमच्याकडे बाजारात फार थोडे दिसले.

अंजीरबाग | ४ मे, रात्री ९:४४

मीठा बहार बरा होता. पण विहिरीवरच्या बागा कमी होताहेत, शेततळं असेल त्याचीच बाग राहिली. म्हणजे अवांतर विचारूनही तुम्ही विषयावरच आलात!

बचतगटवाली | ५ मे, दुपारी १२:१०

सगळे शेतीच्या पाण्यावर बोलताय, प्यायच्या पाण्यावरही बोला.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवतात. आमच्या गटातल्या बायका शिकल्या. त्यात एक छोटी बाटली असते. तिच्यात पाणी खुणेपर्यंत भरून झाकण लावून उबेला ठेवायचं. पाण्यात शौचाची घाण मिसळली असेल तर दीड-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. आम्ही एका वस्तीवरच्या हातपंपाचं पाणी भरून ती बाटली तिथल्याच एका ओट्यावर ठेवली. येणारी-जाणारी बाई डोकावून बघायची. बाटली काळी झाली त्या संध्याकाळी आम्हाला कुणाला बोलवायला जावं लागलं नाही, सगळी वस्ती स्वतःहून जमली. शोषखड्डा हातपंपापासून किती लांब हवा हे त्या दिवशी पुरुषांनीसुद्धा नीट ऐकून घेतलं.

म्हणून दादा, गट निवडताना निम्म्या बायका घ्या. आणि घेतल्यावर बैठक त्यांच्या वेळेला ठेवा. संध्याकाळी सहाला बैठक ठेवायची आणि वर 'बायका येत नाहीत' म्हणायचं, हे आम्ही फार ऐकलं. दुपारी दोन ते चार ठेवा, बघा येतात की नाही.

फळा_खडू | ५ मे, दुपारी १:००

ताई, शंभर टक्के. आणि लहान मूल घेऊन येऊ द्यावं.

बाणकोटकर | ५ मे, सायंकाळी ५:३५

विषय पाण्याचा आहे, पण गट कसा घडतो यासाठी वेळासचं उदाहरण देतो. मंडणगड तालुक्यातलं आमच्या शेजारचं गाव. पूर्वी तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी लोक खायला आणि विकायला काढून न्यायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं आणि हाताशी घेतली ती गावातलीच मुलं, कारण रात्री कुठल्या भागात कासव चढतं हे किनाऱ्यावर फिरणाऱ्यालाच ठाऊक.

पहाटे वाळूवरचा माग ओळखायचा, अंडी हलकेच काढायची, कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, तारीख लिहायची. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालायची आणि पिल्लं बाहेर आलीत का ते सकाळ-संध्याकाळ उचलून बघायचं. हे शिकायला भाषण लागत नाही, वर्षभर कुणाच्या तरी मागे फिरावं लागतं. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरात पाहुणे उतरू लागले. आता येणाऱ्या शहरी माणसाला माहिती देतात ते गावकरीच.

सांगायचं काय, की तिथे आधी काम होतं आणि बोलणं त्यातून आलं. ज्याने टोपली उचललीय त्याला पाहुण्याने काहीही विचारलं तरी उत्तर देता येतं. अंजीरबाग, तुमच्या गटाला पहिले सहा महिने एकही भाषण करू देऊ नका.

कडधान्य | ५ मे, सायंकाळी ६:२०

बाणकोटकर, वेळासला चार पैसे मिळाले म्हणूनही ते टिकलं. हेही सांगायला हवं.

बाणकोटकर | ५ मे, सायंकाळी ६:४१

हो, मिळाले, आणि त्यात काही वावगं नाही. पण पैसे महोत्सवानंतर आले. आधीची वर्षं पोरांनी रात्री किनारे तुडवले ते कासवांपायीच.

पानगळ | ५ मे, रात्री ११:१०

माझा कडवट अनुभव लिहिते. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. माधव गाडगीळ यांच्यासारख्यांनी मांडलेली मूळ कल्पना इतकी सुंदर की गावातल्या जाणत्या माणसांनी बसून आपल्या झाडा-माशांची, बियाण्यांची माहिती लिहावी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि सगळीकडे एकच धांदल उडाली. आमच्या गावात बाहेरची दोन माणसं आली, चहा प्यायली, फॉर्म भरून गेली. आमच्या नोंदवहीत शेजारच्या तालुक्यातले मासे आहेत. गावातली कंदमुळं ओळखणारी आजी तोवर हयात होती, तिला कुणी विचारलं नाही.

अंजीरबाग, तुमच्या गटाने ही नोंदवही ग्रामपंचायतीत मागून बघावी आणि गावात मोठ्याने वाचावी. चुका सापडतील, त्या दुरुस्त करताना जे शिक्षण होईल ते कुठल्याही कार्यशाळेत होणार नाही.

निवृत्त_भूजल | ६ मे, सकाळी ६:५०

पानगळ, फार मोलाची सूचना.

टेक्सासची_मावशी | ६ मे, सकाळी ८:०५

मी ऑस्टिनजवळ राहते. इथे मास्टर नॅचरलिस्ट नावाचा कार्यक्रम १९९० च्या दशकाअखेर सुरू झाला. किमान ४० तास शिकायचं आणि मग ४० तास आपल्याच परिसरात काम करायचं, तेव्हा प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे नुसतं वर्गात बसून कागद मिळत नाही. शिवाय पुढेही दरवर्षी थोडं शिकणं आणि काम करणं चालू ठेवावं लागतं. गावाला प्रमाणपत्राची हौस असते, ती अशी वापरता येईल का?

पण इथे येतात ते बहुतेक निवृत्त, हाती वेळ असलेले लोक. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईकडून फुकट तासांची अपेक्षा ठेवू नये असं मला वाटतं.

रोखठोक | ६ मे, सकाळी ८:३०

मानधन दिलं की पुढाऱ्यांची पोरं घुसतात.

बचतगटवाली | ६ मे, सकाळी ९:१०

आणि नाही दिलं की फक्त खाऊनपिऊन सुखी घरातले येतात. बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या, त्याला मानधन म्हणू नका. ज्या दिवशी शिवारात काम, त्या दिवसाचीच. नुसतं पद मिरवायला आलेला त्यासाठी उन्हात उभा राहत नाही.

वैनगंगा | ६ मे, सकाळी ९:२२

+१. आणि कुणाला किती दिले ते ग्रामसभेत वाचून दाखवावं.

अंजीरबाग | १९ मे, रात्री १०:००

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद छापून आम्ही देवळात वाचले. आता कुठवर आलोय ते सांगतो.

भावकीनिहाय यादी करायची नाही असं ठरलं. त्याऐवजी वस्तीवस्तीवर एकच प्रश्न विचारला: 'पाण्याचं काही अडलं तर तुम्ही कुणाकडे जाता?' ज्यांची नावं पुन्हा पुन्हा आली त्यांना विचारलं. त्यात बोअरची मोटार काढणारा मेस्त्री आहे, दोन मेंढपाळ आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, नळाचं पाणी सोडणारा आहे आणि पाणी पंचायतीच्या काळात पाटकऱ्याचं काम केलेले एक आजोबा आहेत. यातलं एकही नाव आमच्या पहिल्या यादीत नव्हतं. निम्म्या बायका आहेत आणि बैठक दुपारी दोनला असते. बुडालेली मजुरी देतोय.

विहिरींवर लाल रंगाच्या खुणा झाल्या, मे महिन्याचं मोजमाप सुरू आहे. आजोबा टेपवर विश्वास ठेवत नाहीत, स्वतःच्या दोराच्या गाठी मोजतात. दोन्ही वहीत लिहितोय. ऑक्टोबरनंतरच्या ग्रामसभेत ताळेबंद वाचायचा ठराव मांडलाय. त्याला सरपंचांचा होकार आहे, एका गटाचा विरोध आहे, बोलणं चालू आहे. तोवर भाषण कुणीही करणार नाही.

आता दोन अडचणी. पर्जन्यमापक पावसाआधी मिळेल असं दिसत नाही. आणि माणदेशी, ए-फ्रेम केली, पण आडव्या काठीवरची ती मधली खूण नेमकी कुठे करायची? सपाट जमीन कुठे आहे म्हणून शोधत फिरलो, सापडली नाही.

फळा_खडू | १९ मे, रात्री १०:२५

पर्जन्यमापकासाठी अडून राहू नका. तोंडापासून तळापर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा कोणताही डबा चालतो. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, घट्ट बसवून ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून मिलिमीटर वाचा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. शाळेतल्या मुलांना पाळ्या लावून द्या.

माणदेशी | १९ मे, रात्री १०:५१

सपाट जमीन लागतच नाही. कुठल्याही उतारावर दोन दगड ठेवा, त्यांवर दोन पाय टेका. सुतळी जिथे थांबेल तिथे काठीवर पेन्सिलने खूण करा. आता पायांची अदलाबदल करा, डावा पाय उजव्या दगडावर आणि उजवा डाव्या. सुतळी दुसरीकडे थांबेल, तिथेही खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण करा, तीच पातळीची. वारा असेल तर दगड जरा जड बांधा. हे मेस्त्रींना करू द्या, त्यांना लगेच जमेल.

पहिली शिवारफेरी कधी?

अंजीरबाग | १९ मे, रात्री ११:०२

येत्या रविवारी सकाळी सहाला, मारुतीच्या देवळापासून. वरच्या डोंगरापासून ओढ्याने खाली येणार. सासवड-जेजुरीकडचे कुणी येणार असाल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, न्याहारीचा अंदाज लागेल.